एक विडीभर

॥ श्री ॥

मु. शेणवा, ता. शहापूर
१२ सप्टेंबर १९३८

ती. दादास, धाकटी देवकी हिचा साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडं सगळी खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण खुशाल कोणी नाय. गौरी गेल्या, पितरांचे दिवस लागले आणि आमच्या घरात नवीनच दुखणं येऊन बसलं. आमचे थोरले भावजी यमाजी मागच्या भादव्यात बांधावर बसल्या बसल्या गेले ते तुला कळवलंच होतं. छत्तीस वर्षांचा गडी, छातीला हात लावला आणि आडवा झाला. आता चंदाच्या बाबांना छत्तीसावं लागलंय. म्हणजे ते म्हणतात लागलंय. सासूबाई पस्तीस म्हणतात, जाऊबाई बाईजा अडतीस म्हणते. कागदावर कुठं लिहिलेलं नाय. पण ह्यांनी छत्तीसच धरलंय.

होतं काय ते सांगते. चांगले जेवायला बसलेले असतात, मधेच हात थांबतो. छातीत धडधड, तळव्यांना घाम, श्वास वरच्या वर. मग म्हणतात मी चाललो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी असा हंबरडा फोडला की सगळी आळी गोळा झाली. तोवर हे उठून बैलांना पाणी दाखवायला गेले होते. लोक माझ्याकडेच बघायला लागले, काय सांगू तुला! भगताकडे नेलं तर त्यानं थोरल्या भावजींचं नाव घेतलं. तेव्हापासून तर दिवसाआड चाललंय.

तू मास्तर, चार शहाण्या माणसांत वावरतोस. मुरबाडच्या वैद्यबुवांना समक्ष विचार आणि उपाय कळव. हे माझं ऐकत नाय, पण तुझ्या पत्राला मान देतात.

चंदा तिसरीत गेली. पाढे अशा मोठ्या आवाजात म्हणते की शेजारच्या कोंबड्या पळतात. हे वळण तुझंच. हिरावहिनीस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको, एवढंच मागणं.

तुझी,
देवकी

॥ श्री ॥

मु. वैशाखरे, ता. मुरबाड
२३ सप्टेंबर १९३८

चि. सौ. देवकीस धोंडीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. वाचून हिरा रडली आणि मी तिच्यावर रागावलो, कारण रडण्यासारखे त्यात काही नाही. महिपत दाजी माझ्याहून धट्टेकट्टे आहेत. पाच वर्षांमागे तुझ्याकडे आलो तेव्हा भाताची गोणी एका खांद्यावर घेऊन चालले होते ते मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

मुरबाडला जाऊन वैद्यबुवांना भेटलो. सगळी हकीगत सांगितली. ते म्हणाले, हा काळजाचा रोग नव्हे, काळजीचा आहे. औषध नाही, काढा नाही. धडधड सुरू झाली की एक विडीभर गप बसून राहायचे. उठायचे नाही, कोणाला हाक मारायची नाही. आपोआप उतरते. दाजींना हे माझ्या नावाने वाचून दाखव. कार्डावर जागा थोडी आणि सांगणे फार, म्हणून शब्द एकमेकांना चिकटून बसले आहेत. तिसरी पास झालेल्या बाईला तेवढे लागायला हरकत नाही.

चंदाच्या कोंबड्यांची गोष्ट शाळेत सांगितली. आमच्या पोरांच्या पाढ्यांनी माशीसुद्धा उठत नाही. सासूबाईंना नमस्कार सांग. तुझ्यावर जीव आहे हे लिहायला लावू नकोस.

तुझा,
धोंडी

॥ श्री ॥

मु. शेणवा
२ नोव्हेंबर १९३८

ती. दादास देवकीचा नमस्कार वि. वि.

भाऊबीजेला आला नाहीस. ताट करून ठेवलं होतं, शेवटी चंद्राला ओवाळलं. शाळेचं काम असं तू म्हणशील. दरवर्षी तेच म्हणतोस. एक काळ होता, तू एका दिवसात चालत यायचास.

तुझ्या औषधाचा गुण आला हे मात्र कबूल करते. ह्यांना कार्ड वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाले. दुसऱ्यांदा वाचलं. मग म्हणाले, जन्मात केलं नाय ते मास्तर करायला लावतोय, पण वैद्यानं सांगितलं म्हणजे केलंच पाहिजे. पहिल्या दिवशी असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. आता लागत नाय. धडधड आली की ओट्यावर जाऊन बसतात, औषध घेतात, आणि खरंच उतरते रे दादा. उठून कामाला लागतात. सासूबाई मात्र पहिल्या दिवशी पदर तोंडाला लावून आत गेल्या. म्हणाल्या, थोरल्याचा वास परत घरात आला. मग स्वतःच म्हणाल्या, असू दे, वैद्याचं आहे.

दिवसातून चारदा घ्यावं लागतं. जास्त तर नाय ना होत? विचारून कळव.

कळावे, आठवण ठेव.

देवकी

॥ श्री ॥

मु. वैशाखरे
१४ नोव्हेंबर १९३८

चि. सौ. देवकीस आशीर्वाद, वि. वि.

गुण आला हे वाचून छाती फुगली. चारदा काय, चौदादा घेतले तरी अपाय नाही. असले औषध दुसऱ्या कोणत्या वैद्याने दिले आहे का? तू त्याला औषध म्हणतेस याचे हसू आले, पण म्हण बापडी.

ठसका कसला लागला ते मात्र कळले नाही. गप बसण्यात ठसका कुठून आला? पाणी पिताना बोलले असतील. आणि वास कसला येतो? भगताची धुरी चालू ठेवली असशील तर ती आधी बंद कर, दोन उपाय एका वेळी करू नयेत.

भाऊबीजेचे तू लिहिलेस ते लागले. येणार होतो. जमले नाही. जास्त विचारू नकोस. हिराने तुला दोन शेवग्याच्या शेंगा पाठवायच्या म्हणून ठेवल्या होत्या, त्या वाळल्या.

घरात सर्वांस यथायोग्य. रागावलीस तरी पत्र धाडीत जा.

धोंडी

॥ श्री ॥

मु. शेणवा
१४ जानेवारी १९३९, संक्रांत

ती. दादास देवकीचा नमस्कार. तिळगूळ पत्रातून येत नाय, म्हणून नुसतं गोड बोल.

दादा, मला काही कळेनासं झालंय. तू चौदादा म्हणालास ते मी ह्यांना वाचून दाखवलं, तिथंच चुकले. आता दिवसाला अकरा विड्या होतात. शहापूरच्या बाजारातून जुडी आणायचे, आता स्वतः रानातून आपट्याची पानं आणून वळतात. ज्या माणसानं भावाला आयुष्यभर विडीवरून बोल लावले, तो आता भावासारखाच कानामागं विडी खोचतो. सासूबाई मागून बघतात आणि यमाजी म्हणून हाक मारता मारता थांबतात.

विडी पेटली की हात स्थिर, चेहरा शांत. विझून थोडा वेळ गेला की पुन्हा हात कापतात, पुन्हा घाम, पुन्हा मी चाललो. आधी दिवसाआड व्हायचं, आता दिवसातून पाच वेळा. मी म्हटलं हे औषध उलटं पडतंय. तर म्हणतात, उलटं कसं, घेतल्यावर बरं वाटतं ना? वाटतं हे मीही बघते.

आता मोठं सांगते. ह्यांनी चंदाचं ठरवायला घेतलंय. किन्हवलीकडचं स्थळ आहे, मुलगा एकवीस वर्षांचा, माणसं चांगली. चंदाला अकरावं चालू आहे. चौदाच्या आत करायचं नाय असा कायदा आहे म्हणतात, पण आमच्या रानात कोण बघायला येतंय. ह्यांचं एकच, माझे डोळे उघडे आहेत तोवर पोरीला हळद लागू दे. महाशिवरात्र झाली की दुसऱ्या दिवशी सुपारी फोडायची. मी पाया पडले, चौथी तरी होऊ द्या म्हटलं. तर विडी पेटवून बाहेर जाऊन बसले.

पोरीला काय कळतंय? मला विचारते, किन्हवलीच्या शाळेत मुली बसतात का गो आई.

वैद्यबुवांना म्हणावं, तुमी दिलेली विडी काढा आणि दुसरं काहीतरी द्या. तू लिहिलं होतंस, एक विडी भर, गप बसून राहा. ह्यांनी भरली. आता पुढं काय?

लवकर लिही. तुझ्याशिवाय माहेर म्हणायला कोण आहे मला.

देवकी

॥ श्री ॥

मु. वैशाखरे
२१ जानेवारी १९३९

चि. सौ. देवकीस आशीर्वाद.

तुझे पत्र वर्गात उघडले आणि तसाच खुर्चीत बसलो. पोरे म्हणाली गुरुजींना घेरी आली.

अगो, विडी भरायला कोणी सांगितले? विडीभर! एक शब्द आहे तो! घटकाभर म्हणतो तेव्हा आपण घटका भरतो का? क्षणभर, पळभर, तसे विडीभर. एक विडी जळून संपायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ नुसते बसायचे, असा अर्थ. आपले बाबा वाट सांगताना म्हणायचे ना, डोंगर उतरलास की दोन विड्यांवर गाव. तेव्हा आपण विड्या ओढत जायचो का?

सगळा दोष माझ्या चिकट अक्षराचा. नाही, थोडा तुझाही. तुला कार्ड मोठ्याने वाचताना मधेच थांबायची खोड लहानपणापासून आहे. असो, आता ते उगाळत बसून चंदाचे काही भले होणार नाही.

दाजींना आजच सांग. विडी बंद. आजपासून एकही नाही. धडधडीवर विडी हा उपाय नव्हताच, ती विडीनेच वाढली आहे, हे मला आता उन्हासारखे लख्ख दिसते. धडधड थांबली की मरणाची भीती जाईल, आणि भीती गेली की सुपारी आपोआप राहील. चंदाला सांग, मामा तुझ्या बाजूला आहे.

धोंडी

॥ श्री ॥

मु. शेणवा
३१ जानेवारी १९३९

ती. दादास नमस्कार.

लख्ख दिसलं म्हणालास, इथं तर सगळा अंधारच झाला.

ह्यांनी तुझ्या शब्दाखातर विड्या चुलीत टाकल्या. तीन दिवस. दादा, ते तीन दिवस शत्रूला दाखवू नयेत. हातात भाकरी धरवेना. बैलावर ओरडले, आईवर ओरडले, मग त्यांच्याच पायाशी बसून रडले. धडधड जी लागली ती थांबेचना. चौथ्या दिवशी जाऊबाईंनी स्वतः एक विडी पेटवून हातात दिली, आणि घटकाभरात माणूस माणसात आला. आता तूच सांग, मी काय समजायचं? विडीमुळं घाबरतात म्हणावं तर सोडल्यावर जास्त घाबरले. घाबरतात म्हणून ओढतात म्हणावं तर ओढायच्या आधी इतकं कधी नव्हतं. मी चुलीपुढं बसून हाच हिशेब करते आणि भाजी करपते.

ह्यांचं म्हणणं आता असं झालंय की वैद्यबुवांचं पहिलं बोलणं तेच खरं, मास्तर मागाहून शब्द फिरवतोय. व्याकरण मला शिकवू नको म्हणाले. वैद्यबुवांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून दिली की विडी नको, तरच मानीन. आणि ती येईपर्यंत सुपारीचं थांबणार नाय. किन्हवलीच्या माणसांना निरोप गेला.

तेव्हा वैद्यबुवांची चिठ्ठी शिवरात्रीच्या आत पाठव. बाकी काही लिहू नकोस, तेवढीच पाठव. काल चंदानं पाटी पुसून कोनाड्यात ठेवून दिली. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

देवकी

॥ श्री ॥

मु. वैशाखरे
८ फेब्रुवारी १९३९

प्रिय देवकी,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

वैद्यबुवांची चिठ्ठी येणार नाही. मी त्यांच्याकडे गेलोच नव्हतो.

तुझे पहिले पत्र आले त्या आठवड्यात मुरबाडच्या बाजाराला निघालेल्या गाडीत बसलो होतो. टोकावडे मागे पडले आणि मला तेच झाले. दाजींना होते तेच, अगदी तसेच. धडधड, घाम, श्वास वर. गाडीवानाला पोट दुखते असे सांगितले, खाली उतरलो, आंब्याखाली बसलो. नंतर पायी घरी परत आलो. हे मला आज नव्हे, चार वर्षे होते आहे. डिपोटीसाहेब शाळा तपासायला आले होते तेव्हापासून. हिराला अर्धे ठाऊक आहे. भाऊबीजेला का येत नाही ते आता तुला कळले असेल. घरापासून लांब गेलो की होते.

आणि तू सुटे सुटे वाचावेस म्हणून पुढचे सुटे लिहितो. मी विडी ओढतो. शाळेच्या मागे, पोरे जेवायला गेली की. त्या दिवशी आंब्याखाली बसलो तेव्हाही हातात विडी होती. ती संपेतो छाती खाली आली. ती विडीने आली की नुसते बसल्याने आली, मला खरोखर माहीत नाही. मी मास्तर असून मला माहीत नाही! ओढली नाही तर दाजींसारखे माझेही हात कापतात. तुला लिहिताना विडी लपवली आणि नुसता वेळ लिहिला. म्हणजे दाजींनी शब्द चुकीचा घेतला, पण उपाय निघाला होता तो विडीतूनच. वैद्याचे नाव घातले, कारण माझे घातले असते तर तुम्ही हसला असता.

पोरीच्या जन्माचा प्रश्न आला नसता तर हेही लपवले असते. मी नीच आहे असे म्हण, पण सुपारी थांबव. मी चालत निघतो आहे. शिवरात्रीच्या आधी पोहोचेन. वाटेत कितीदा बसावे लागेल ते सांगता येत नाही, म्हणून दोन दिवस आधी निघतो.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
धोंडी

॥ श्री ॥

मु. शेणवा
२० मार्च १९३९

राजमान्य राजश्री धोंडी मास्तर यांस महिपतचा रामराम. मजकूर माझा, अक्षर चंदाचं. तिला सांगितलंय, मी बोलतो तसंच लिही, मास्तरणीपणा करू नको.

मास्तर, तुमी घरी नीट पोचलात हे कार्ड मिळालं. जाताना पाच वेळा बसलात, येताना नऊ वेळा बसला होतात. म्हणजे सुधारणा आहे.

तुमी शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आमच्या ओट्यावर येऊन टेकलात तेव्हा तुमचं तोंड बघून मला वाटलं, हा माझ्या आधी जातोय. माझी धडधड सुरू झाली, तुमची चालूच होती. तुमची बहीण पाण्याचा तांब्या घेऊन मधे उभी, आधी कोणाला द्यावा ते तिला कळेना. शेवटी स्वतःच प्यायली. तुमी खिशातनं विडी काढून दोघांच्या मधे ठेवलीत, न पेटवता, आणि म्हणालात एक विडीभर बसू. मी म्हटलं, पेटवल्याशिवाय विडीभर झालं हे कळणार कसं? तुमच्याकडेही घड्याळ नव्हतं. तेव्हा अंगणात चंदा शेंगा निवडत होती, तिला तुमी पाढे म्हणायला लावलेत. बे एके बे पासून दाहे दाहे शंभरपर्यंत. शंभर झाले तेव्हा आमी दोघं भाकरी मागत होतो.

शिवरात्र झाली आणि दुसऱ्या दिवशी किन्हवलीची माणसं आली. पान लावून झालं. माझी पुन्हा सुरू झाली, तशी मी चंदाला हाक मारली, म्हण. तिनं सगळ्यांच्या देखत म्हटले. तिचं तोंड बघत होतो तेव्हा मनात आलं, ही गेली तर माझी विडी मोजणार कोण? मी पाहुण्यांना सांगून टाकलं, पोरीला घरात काम आहे, आता नाय जमायचं. काय काम म्हणून विचारलं त्यांनी. मी म्हटलं पाढे. ती माणसं रागावून गेली. जाताना मला वेड लागलंय असं म्हणाली. असेल.

विड्या अकराच्या तीनवर आल्या. पूर्ण सुटल्या नायत, खोटं सांगणार नाय. तुमचं तुमी कळवा. विडीनं भीती आली की भीतीनं विडी आली, का थोरल्याच्या मागं दोन्ही आली, मला अजून उमगलं नाय. वय किती हेही नाय. आई पस्तीसच म्हणते. आता मी विचारणं सोडलंय.

अडचण एक आहे. कधी कधी पाढे संपतात आणि धडधड उरते. पावकी, निमकी, दिडकी चंदाची झाली. त्याच्या पुढचं, अडीचकी आणि साडेतीनची औटकी, तुमी लिहून पाठवा. आमच्या शाळेच्या मास्तरांनाही बोललो, चौथीत हिचं नाव घाला, आणि चौथीनंतरचे पाढे कुठं शिकवतात तेही सांगा. दुखणं लांबलं तर साठा पाहिजे.

कार्डावर नको, मोठ्या कागदावर लिहा. आणि मास्तर, शब्द सुटे सुटे टाका.

आमच्यावर नजर असू द्या.

आपला,
महिपत

ता. क. मामा, हे मी माझ्या मनानं लिहिते. पत्र सांगताना बाबांनी मधेच एकदा माझा हात धरला. मी पाढे सुरू केले. सातापर्यंतच म्हणावे लागले.
चंदा